दक्षिण इटलीतलं मूळ गाव (क्राको, बाझिलिकाता): पाच दिवसांचा प्रवास कसा आखावा?

मेधा_न्यूजर्सी

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याचे पणजोबा विन्चेन्झो १९०९ मध्ये जहाजाने न्यूयॉर्कला आले. सासरी "नेपल्सजवळचं क्राको" एवढंच माहीत आहे. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७१) असे तिघं जाणार. विमान बारीला उतरेल. शुक्रवार २९ मे ते बुधवार ३ जून असा विचार आहे. गाव बघायचं, पणजोबांची जन्मनोंद मिळवायची, जमल्यास कबर आणि कुणी नातेवाईक असतील तर त्यांची भेट. नवरा आणि सासूबाई अमेरिकन पासपोर्टवर, मी भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर. इटालियन कुणालाच येत नाही. कुठून सुरुवात करू?

जुनी_दप्तरं

मेधाताई, तिकिटं काढली नसतील तर आधी तारखा बदला. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, देशभर सुट्टी. तो मंगळवारी आला की सोमवारी बरेच जण जोडून रजा घेतात, त्याला तिकडे 'पोन्ते' म्हणजे पूल म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही पोचणार, शनिवार-रविवार कचेरी बंद, सोमवारी नोंदणीचा माणूस रजेवर, मंगळवारी सुट्टी. पाच दिवसांत कचेरीचा एकही भरवशाचा दिवस हाती लागत नाही. रविवार ७ जूनला उतरा आणि शुक्रवारी १२ ला निघा, म्हणजे चार पूर्ण कामाचे दिवस मिळतील. २५ एप्रिल, १ मे आणि १५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडाही टाळायचा. शिवाय प्रत्येक गावाच्या ग्रामदैवत संताचा दिवस ही तिथली स्थानिक सुट्टी असते, ती कोमूनेला (म्हणजे तिकडची ग्रामपंचायत-नगरपालिका) पत्रातच विचारून घ्या. मातेरा शहराची २ जुलै, मादोन्ना देल्ला ब्रूनाची. त्या दिवशी कचेऱ्या बंद आणि राहायला खोली मिळणं मुश्कील.

दुसरं, क्राको नेपल्सजवळ नाही. ते बाझिलिकाता प्रांतात, मातेरा जिल्ह्यात आहे. दक्षिणेतली बहुतेक माणसं नेपल्सच्या बंदरातून जहाजात चढली, म्हणून घरोघरी 'नेपल्स' हेच नाव उरलं. तिसरी गोम अशी की मातेरा जिल्हा १९२७ मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा म्हणून पोतेन्झा लिहिलेलं असेल. ते दुसरं क्राको समजून नोंद बाजूला टाकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्राको दोन आहेत. टेकडीवरचं जुनं गाव १९६३ च्या मोठ्या दरडीनंतर रिकामं करायला घेतलं. खाली चिकणमाती, वर वजनदार गाव आणि पाणी-सांडपाण्याच्या कामांनी जमिनीत मुरलेलं पाणी, त्यामुळे उतारच सरकला. १९८० च्या भूकंपानंतर तिथे कुणी राहिलं नाही. लोकांना खाली दरीत क्राको पेस्किएरा इथे वसवलं. कोमूनेची कचेरी, माणसं, चालू चर्च सगळं तिथे. वरती फक्त पडकं गाव आणि नॉर्मन बुरूज. नकाशात नुसतं 'क्राको' टाकलंत तर गाडी अवशेषांपाशी नेऊन सोडेल आणि कचेरीची वेळ निघून जाईल.

गियर_पाचवा

गाडीबद्दल. बारी विमानतळ ते मातेरा साधारण ६५ किलोमीटर, एक तास. मातेराहून बाझेंताना महामार्गाने पिस्तिच्ची स्कालोपर्यंत आणि मग आत. क्राकोला एक तास धरा. अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, पण शेवटचा टप्पा वळणावळणाचा आणि काही ठिकाणी खचलेला असतो. अंधारात पहिल्यांदा जाऊ नका.

बसवर अवलंबून राहू नका. बारी ते मातेरा छोटी रेल्वे आहे (फेर्रोव्हिए आप्पुलो लुकाने), पण ती रविवारी धावेलच असं नाही, आणि तुम्ही रविवारीच उतरणार. मातेरापुढे अशा गावांना दिवसातून मोजक्या बस, त्याही शाळेच्या वेळेला बांधलेल्या.

भाड्याची गाडी घेताना:
– ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षणातच तसं लिहा. न लिहिता मिळते ती हाताच्या गियरची.
– अमेरिकन किंवा भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. तो इटलीत मिळत नाही, निघण्याआधी परवान्याच्या देशातूनच काढावा लागतो. भारतात आरटीओ देतं, अमेरिकेत मोटार संघटना.
– अनामत रक्कम अडकवायला चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी नाकारतात.
– लहान गाडी घ्या. जुन्या गल्ल्यांत मोठी गाडी आरसे घासत जाते.

मातेरात जुन्या दगडी वस्तीत, म्हणजे सास्सीत, वाहनबंदीचा भाग आहे. पाटीवर 'झेड टी एल' लिहिलेलं असतं, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो, वर कंपनीचा आकार वेगळा. मुक्काम सास्सीबाहेरच्या नव्या भागात घ्या. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीही तेच बरं, सास्सीत सगळ्या पायऱ्या. पार्किंगच्या रेषा: पांढरी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव.

स्टॅम्पवाली

मेधा, तुझ्या व्हिसाचं. ग्रीन कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो. नवरा अमेरिकन आहे म्हणून सूट नाही. सवलत युरोपीय नागरिकाच्या जोडीदाराला असते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण अपॉइंटमेंट मिळणं हाच खरा अडथळा, म्हणून तीन महिने आधी हालचाल कर. फी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला. विम्याच्या तारखा प्रवासापेक्षा दोन दिवस पुढे घे. परतीचं विमान चुकलं तर एक दिवसही अंगावर येतो. सोबतच्या पत्रात 'पतीचं मूळ गाव' असं साधं लिही आणि मुक्कामांचे पुरावे तारखांशी जुळव. एक रात्रसुद्धा मोकळी दिसली की विचारणा होते.

चिकू_पेरू

या कागदांवर नवऱ्याला इटलीचं नागरिकत्व मिळेल का? म्हणजे खर्च सार्थकी लागेल.

जुनी_दप्तरं

पणजोबांच्या नात्यावर आता सहसा नाही. २८ मार्च २०२५ चा अध्यादेश आणि त्यावरून मे महिन्यात झालेला ७४ क्रमांकाचा कायदा यांनी हा हक्क मुख्यतः आईवडील किंवा आजीआजोबांपर्यंत आणला. तो विषय वकिलाचा आहे, वेगळा धागा काढा.

आता कागद. दक्षिण इटलीच्या मुख्य भूमीवर नेपोलियनच्या काळात, १८०९ पासून, जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली (सिसिलीत १८२०). एक प्रत कोमूनेत, दुसरी न्यायालयात आणि तिथून राज्य अभिलेखागारात. या दुसऱ्या प्रती 'आन्तेनाती' (पूर्वज) नावाच्या सरकारी पोर्टलवर फुकट बघता येतात. गावाचं नाव टाकून कोणती वर्षं चढली आहेत ते पाहा, शिवाय 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या संकेतस्थळावरही बघा. हे काम घरी करायचं. गावात जाऊन शोधू म्हणणाऱ्यांची सकाळ तिथे फक्त नाव सांगण्यात जाते.

शोधताना माणसं इथे अडतात:

१. बायका आयुष्यभर माहेरच्या नावाने. लग्नानंतरच्या नोंदीत, मृत्यूच्या नोंदीतसुद्धा जन्माचंच आडनाव. आपल्याकडच्या सवयीने सासरच्या आडनावाखाली पणजीला शोधलंत तर ती सापडायची नाही.

२. वडिलांचं नाव. आपल्यासारखंच तिथेही माणसाच्या नावामागून वडिलांचं नाव येतं. 'विन्चेन्झो दी ज्युझेप्पे' म्हणजे ज्युझेप्पेचा विन्चेन्झो. 'दी' ऐवजी 'फू' असेल तर बाप तेव्हा हयात नव्हता. आपलं 'कै.' धरा. एका नोंदीत 'दी' आणि दोन वर्षांनी 'फू' दिसलं तर मृत्यूची नोंद त्या दोन वर्षांत शोधायची.

३. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव, थोरल्या मुलीला आजीचं, दोन्ही वडिलांकडचे. पुढचं मूल आईकडचं. त्यामुळे चार चुलतभावांचं नाव, आडनाव आणि वयही जवळपास सारखं निघतं. नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका, आई-वडील दोघांची नावं जुळली तरच तो तुमचा माणूस.

४. जुन्या कागदात महिने आखूड लिहिलेले असतात: '७ब्रे', '८ब्रे', '९ब्रे', '१०ब्रे'. हे जुलै-ऑगस्ट नव्हेत. सेत्ते म्हणजे सात, म्हणून ७ब्रे हा सेत्तेम्ब्रे, सप्टेंबर, १०ब्रे डिसेंबर.

५. वर्षाच्या शेवटी सूची असते, पण जुन्या काळात ती कधी आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेली असते. 'दी' किंवा 'दे'ने सुरू होणारं आडनाव दोन्ही अक्षरांखाली बघा.

मेधा_न्यूजर्सी

तारखा बदलल्या, ७ ते १२ जून. खूप आभार! आणि नोंद सापडली!! १८८१, क्राको. नवऱ्याने अक्षरं लावून दाखवली. वर १४ नोव्हेंबर. मग ज्युझेप्पे, 'आन्नी त्रेन्तादुए', 'कोन्तादीनो'. पुढे 'दोदीची देल कोर्रेन्ते मेझे', मग 'कासा पोस्ता इन' असं काही आणि एक आकडा, आईचं नाव, शेवटी विन्चेन्झो. कडेला वेगळ्या शाईत दोन ओळी, त्यात १९०४. घरातल्या जुन्या वहीत वाढदिवस १२ नोव्हेंबर आहे, म्हणजे हा दुसराच कुणी?

जुनी_दप्तरं

तोच आहे. १८६६ नंतरची नोंद एका ठरलेल्या मायन्यात असते, ओळीने वाचू.

वरची तारीख कचेरीत नोंद केल्याची, जन्माची नाही. बाप पाच दिवसांच्या आत बाळ दाखवून नोंद करायचा. ज्युझेप्पे हा हजर झालेला बाप, वय ३२, शेतकरी. 'दोदीची देल कोर्रेन्ते मेझे' म्हणजे चालू महिन्याची बारा. तो खरा जन्मदिवस. वहीतली तारीख बरोबर होती.

बाप हजर नसेल तर तिथे सुईणीचं नाव येतं आणि कारणही लिहितात. स्थलांतराच्या वर्षांत 'अमेरिकेत आहे' हे कारण वारंवार दिसतं.

'कासा पोस्ता इन' नंतर जन्मघराची गल्ली आणि घर क्रमांक. तुमच्यासाठी या कागदातली ही सर्वात मोलाची ओळ आहे. ती मोठी करून, जमल्यास दोन-तीन जणांकडून वाचून घ्या. जुन्या क्राकोतल्या मार्गदर्शकाला गल्लीचं नाव सांगितलंत तर ती टेकडीच्या कुठल्या अंगाला होती हे तो सांगू शकेल.

कडेची १९०४ ची ओळ लग्नाची. कुठल्या गावी, कुणाशी, ते तिथेच असतं. आता १९०४ ची विवाहनोंद काढा, म्हणजे पणजीचे आईवडील मिळतील. कडेच्या टिपा कधी फक्त कोमूनेच्याच प्रतीत असतात, म्हणून कोमूनेकडे 'कोपिया इन्तेग्राले' मागा, म्हणजे पानाची हुबेहूब नक्कल. ७० वर्षांहून जुन्या नोंदीला ती मिळण्यात अडचण नसावी. 'एस्त्रात्तो' मागितलात तर नुसता सारांश हाती येतो आणि कडेचा मजकूर राहून जातो.

त्याहून मागे, १८६५ पर्यंतच्या लग्नांना 'प्रोचेस्सेत्ती' नावाचा कागदांचा गठ्ठा जोडलेला असतो: वर-वधूचे जन्मदाखले, बाप वारला असेल तर त्याचा मृत्यूदाखला आणि मग आजोबांचाही. एका लग्नात तीन पिढ्या मिळतात. मी सूचीआधी नेहमी हे बघतो.

गियर_पाचवा

जहाजाची यादी बघितलीत का? १९०७ नंतरच्या न्यूयॉर्कच्या प्रवासी यादीत मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव असतं. १९०९ म्हणजे तुमच्यासाठी नेमकं. नातेवाईक गावात कोण होते याचा तो धागा.

शेवंता_म

कोमूनेला पत्र कसं लिहायचं ते सांगते, बरेच जण इथे चुकतात. दोन महिने आधी, इटालियनमध्ये, दहा ओळींच्या आत. विषयात गाव, नाव, जन्मवर्ष. मजकुरात: कुणाची कोणती नोंद, तारीख, पोर्टलवरचा नोंद क्रमांक (हा असला की तुमचं पत्र वरती जातं, कारण त्यांना शोधावं लागत नाही), तुमचं नातं, आणि "आम्ही सोमवारी ८ जूनला सकाळी येऊ शकतो का?" सोबत पासपोर्टची प्रत. एका पत्रात जास्तीत जास्त दोन नोंदी. अख्खी वंशावळ मागणारी पत्रं तशीच पडून राहतात. तिथे एकच माणूस जन्म, मृत्यू, मतदारयादी, ओळखपत्र सगळं सांभाळत असतो.

संकेतस्थळावर 'पेक' नावाचा पत्ता ठळक असतो. तो नोंदणीकृत मेलचा आहे, साध्या जीमेलवरचं पत्र तिथून बऱ्याचदा परत येतं. 'आनाग्राफे' किंवा 'प्रोतोकोल्लो' असं लिहिलेल्या साध्या पत्त्यावर पाठवा. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर तिकडच्या सकाळी दहा-अकराला फोन करा.

कचेरी लोकांसाठी सकाळीच, दुपारी आठवड्यातून एखाद-दोन दिवस. उघडल्या उघडल्या हजर राहा. एक ते चार-पाच सगळं गाव बंद. तो वेळ जेवणाचा धरा.

चर्चचं दप्तर वेगळं. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद सोळाव्या शतकातल्या त्रेन्तच्या धर्मसभेपासून ठेवायची पद्धत, म्हणजे १८०९ च्या मागे जायला तोच मार्ग. पण ते सार्वजनिक दप्तर नाही, पाद्रीबाबांची मर्जी आणि वेळ. आधी पत्र, मग मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना संपल्यावर भेट, आणि शेवटी चर्चसाठी लिफाफ्यात देणगी. "किती द्यायचे?" असं विचारू नका, दानपेटीसारखं द्या. गाव हलल्यावर जुनी पुस्तकं कुठे ठेवली आहेत, गावच्या चर्चमध्ये की धर्मप्रांताच्या अभिलेखागारात, हे पत्रातच विचारा.

जुनी_दप्तरं

कबरीबद्दल आधीच सांगतो, नाहीतर सासूबाई तिथे जाऊन खट्टू होतील. खापरपणजोबांची कबर बहुधा मिळणार नाही. इटलीत मातीत पुरलेल्याचे अवशेष साधारण दहा वर्षांनी काढून अस्थिगृहात ठेवतात, भिंतीतले कोनाडेही ठरावीक मुदतीचे. टिकतात ती घराण्याची छोटी दगडी देवळं, ज्यांच्यावर आडनाव कोरलेलं असतं. ती बघा. दगडावर चिनीमातीच्या लंबगोलात फोटो असतात, त्यांचे आणि तारखांचे फोटो घ्या. आज ताजी फुलं कुठल्या दगडावर आहेत तेही पाहा. ते घर अजून गावात आहे.

आणि पिढी मोजताना: विन्चेन्झो अमेरिकेत वारले, त्यामुळे इथे शोधायचे ते ज्युझेप्पे आणि त्यांची बायको.

मेधा_न्यूजर्सी

हे सांगितलंत ते बरं झालं, मी त्यांना आधीच समजावते. नातेवाईक कसे शोधायचे? आणि दुभाषा लागेल का?

शेवंता_म

एका ए-फोर कागदावर वंशवृक्ष काढा, इटालियनमध्ये, मोठ्या अक्षरात. फक्त सरळ रेषा: विन्चेन्झो, त्यांचे आईवडील, भावंडं. भावंडं विसरू नका. अमेरिकेला गेलेल्याला गाव विसरतं, मागे राहिलेल्या भावाला नाही. दहा प्रती न्या, प्रत्येकाकडे एक ठेवून या, मागे तुमचा पत्ता आणि ईमेल.

दक्षिणेत म्हातारी माणसं अनोळखी चेहऱ्याला विचारतात, "आ की आप्पार्तिएनी?" शब्दशः, तू कुणाचा? अगदी आपल्या गावातलं "कुणाचा रे तू?" उत्तरात आडनाव पुरत नाही, कारण गावात तेच आडनाव वीस घरांना. तिथे घराण्याला 'सोप्रान्नोमे' म्हणजे टोपणनाव असतं, धंद्यावरून, व्यंगावरून, आजीच्या नावावरून. सासूबाईंना, त्यांच्या भावंडांना आत्ताच विचारा: लहानपणी घरात काही अर्थ न लागणारा शब्द ऐकला होता का, आजोबा स्वतःला काय म्हणायचे? तो शब्द उच्चारासकट लिहून न्या. बारमध्ये सकाळी अकराच्या कॉफीला आणि संध्याकाळी सहानंतर चौकात दाखवा.

एवढं वाक्य पाठ करा: "चेर्को ला फामील्या देल मीओ बिझनोन्नो." पणजोबांचं कुटुंब शोधतोय. मात्र घरी बोलावलं तर दुभाषा हवा. फोनवरचं भाषांतर त्यांच्या बोलीपुढे हात टेकतं. अर्ध्या दिवसासाठी स्थानिक माणूस आधी ठरवा. शक्यतो मंगळवारचा, कारण पहिला दिवस कागदात जातो आणि ओळखी त्यातूनच निघतात.

रिकाम्या हाताने जाऊ नका. गावच्या पास्तिच्चेरियातून, म्हणजे मिठाईच्या दुकानातून, गोडाचा ट्रे बांधून घ्या. शेवंतीची फुलं मात्र चुकूनही नेऊ नका, तिकडे ती मृतांसाठी. आणि पहिल्या भेटीत जमीन-घराचा विषय काढू नका. परदेशातून कुणी आलं की वाटणी मागायला आलं असं वाटू शकतं, जुनी घरं अनेक वारसांच्या नावावर अजून अडकलेली असतात.

चिकू_पेरू

खाण्याचं? शाकाहारी असाल तर?

शेवंता_म

"सेन्झा कार्ने" म्हटलं तर ट्यूना किंवा अँचोव्ही येऊ शकते. "ने कार्ने ने पेशे" म्हणा, ना मांस ना मासा. सुक्या बाकल्याची पिठल्यासारखी घोटलेली फावे आणि वर कडसर चिकोरी, हे पोटभरीचं. सेनिझेच्या वाळवलेल्या लाल मिरच्या तेलात क्षणभर तळून कुरकुरीत करतात, पेपेरोनी क्रुस्की. तिखट नसतात, आपल्या सांडगी मिरचीसारख्या तोंडी लावायला. पालेभाजीबरोबरच्या ओरेक्किएत्ते पास्त्यात अँचोव्ही असते, विचारून घ्या.

गियर_पाचवा

जुन्या क्राकोत मोकळं फिरता येत नाही. कुंपण आहे, तिकीट काढून, हेल्मेट घालून, मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या वाटेनेच. आधी आरक्षण करा आणि पावसाचा अंदाज बघा. चढ आहे, खडी सुटी आहे, सावली नाही. जूनमध्ये सकाळची पहिली फेरी घ्या. बंद बूट, प्रत्येकी लिटरभर पाणी. सासूबाईंना चढ झेपणार नसेल तर समोरच्या रस्त्याच्या वळणावरून अख्खं गाव एका नजरेत दिसतं, तिथे गाडी बाजूला लावता येते.

मेधा_न्यूजर्सी

मग असं ठरवते: रविवारी मातेरा. सोमवारी सकाळी पेस्किएराची कचेरी, संध्याकाळी कबरस्तान. मंगळवारी सकाळी जुनं गाव, संध्याकाळी चर्च. बुधवारी मातेरातलं अभिलेखागार. गुरुवारी समुद्र. चालेल?

जुनी_दप्तरं

दुभाषा मंगळवारी संध्याकाळी लावा, चर्चसाठी. गुरुवार मात्र मोकळा ठेवा. सोमवारी कचेरीतला माणूस "गुरुवारी या" म्हणू शकतो, आणि मंगळवारी भेटलेलं कुणी जेवायला बोलावू शकतं. समुद्र मेतापोन्तोला तासाभरावर आहे, काही निघालं नाही तर दुपारी जा.

अभिलेखागारात पासपोर्ट लागतो. दिवसाला किती गठ्ठे देतात आणि मागणी किती वाजेपर्यंत घेतात ते आधी ईमेलवर विचारा. लष्करभरतीची यादी मागा, १८८१ च्या जन्माची. उंची, केसांचा रंग, धंदा लिहिलेला असतो. बोलावणं आलं तेव्हा माणूस परदेशी असेल तर 'रेनितेन्ते' म्हणजे गैरहजर असा शेरा दिसतो. तो गुन्हेगार होता असं समजू नका, स्थलांतरितांच्या नावापुढे तो सर्रास आहे. स्वतःच्या फोनने, फ्लॅश न वापरता फोटो काढायला २०१७ पासून पैसे पडत नाहीत. प्रत्येक गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यावरच्या क्रमांकाचा फोटो आधी, मग पानांचे, म्हणजे घरी आल्यावर कोणतं पान कुठलं ते कळेल.

मेधा_न्यूजर्सी

सासूबाईंना टोपणनावाचं विचारलं. त्यांच्या मावशीला एक शब्द आठवतोय, फोनवर तीनदा म्हणायला लावून रेकॉर्ड केला. कसा लिहायचा ते मात्र कळत नाही.

शेवंता_म

लिहूच नका. मावशीच्या आवाजातच गावात ऐकवा.